तिसऱ्या ओळीतला श्वास

प्रिय ताई,

सगळ्यात आधी सॉरी. माझं शुद्धलेखन तुला माहीतच आहे, ऱ्हस्व-दीर्घ शाळेत असताना जमलं नाही ते आता कुठून जमणार. हे मी लाँड्रीतल्या कम्प्युटरवर टाइप करतेय, जेवणाच्या सुट्टीत, थोडं थोडं करून. शब्दाखाली लाल रेघ आली की पुसते आणि परत लिहिते. त्यामुळे वाक्य संपेपर्यंत मला काय म्हणायचं होतं तेच विसरायला होतं. ऑर्गनवर माझी सगळी बोटं चालतात, वर दोन पाय. इथे मात्र एकच बोट, तेही कोंबडी दाणे टिपते तसं. लाँड्रीवाल्या काकू मघाशी पाठीमागून डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, एवढ्या वेळात तू तिच्याकडे चालत जाऊन तोंडाने सांगून आली असतीस." मी स्क्रीनवर हात ठेवला. त्या म्हणाल्या, "झाक, झाक. मला काय चष्म्याशिवाय दिसतंय होय!" आता तू म्हणशील फोन का नाही केलास. फोनचं मी शेवटी सांगते. आधी बाकीचं सांगू दे, नाहीतर मला धीर होणार नाही.

घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा दुखतो पण ती सांगत नाही, जिना चढताना फक्त गप्प होते, त्यावरून कळतं. बाबांची व्हॅन रोज सकाळी रुसते. बाबा आधी तिला शिव्या घालतात, मग फडक्याने पुसतात, मग परत शिव्या. तुझ्या कॉटवर आई वाळलेले कपडे आणून टाकते. घड्या घालायचं काम माझं, पण मी मुद्दाम उशीर करते. ढीग तसाच असला की दिवा बंद केल्यावर तिथे कोणीतरी झोपलंय असं वाटतं. एकदा त्या ढिगाला मी "सरक ना" म्हटलं. हे कोणाला सांगू नकोस.

तू मावशीकडे गेलीस तेव्हा आई सगळ्यांना सांगत होती, गळ्यातली गाठ काढायची आणि लगेच परत. मग तुझा मेसेज आला की ऑपरेशन छान झालं. मग आला की तिकडेच ऑफिसात नोकरी मिळाली. मग आला की तिकडच्या चर्चमध्येही गातेस. आई तो शेवटचा मेसेज अजून लोकांना वाचून दाखवते, भाजीवाल्यालासुद्धा दाखवला. त्याने कौतुकाने मान हलवली आणि सुट्टे मागितले. पण तुझे मेसेज आता एवढेसे येतात. "हो." "ठीक." "बघते." आधी तू रस्त्याने चालता चालता बोलून पाठवायचीस, मागून गाड्यांचे हॉर्न, मध्येच कोणाला तरी "ओ, बघून चालवा" म्हणणं, सगळं त्यात यायचं. मी तुला एकदा लिहिलं होतं, तिकडच्या चर्चमधलं एखादं नवीन गाणं म्हणून पाठव, मला चाल बसवायची आहे. तू लिहिलंस की फोनचा माइक खराब आहे. मग माइक दुरुस्त झाला का विचारलं तर "बघते."

लाँड्रीत माझ्यासोबत चादरी धरणारी होती ना, ती लग्न करून गेली. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला, ताणायचं, झटकायचं, मग दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं आणि टोकाला टोक लावायचं. बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडायचं. आता काकूंनी भिंतीत दोन हुक ठोकून दिलेत. चादरीची दोन टोकं त्यांना अडकवायची आणि उरलेली दोन माझ्या हातात. हुक तसे चांगले आहेत. थकत नाहीत, रजा घेत नाहीत. पण ते चालत पुढे येत नाहीत. दर वेळी मलाच जावं लागतं.

चर्चमध्येही आता तसंच झालंय, ते सांगायला एवढं लिहितेय.

तुला आठवतं का, मी शाळा सोडली तेव्हाचं? बाईंनी उभं करून धडा वाचायला लावला आणि पहिल्याच शब्दावर माझी जीभ अडकली. मागची मुलं त-त-त-त करत बाकं वाजवायला लागली, आणि त्या दिवसानंतर मी दप्तर उचललंच नाही. बाबा म्हणाले होते, "मग काय घरात बसून लोणचं घालायचं का हिचं?" तेव्हा तू म्हणालीस, "मी नेते हिला." मला वाटलं दुसऱ्या शाळेत नेतेस. तू नेलंस चर्चच्या वरच्या गॅलरीत, ऑर्गनबाईंकडे. बाई तेव्हाच खूप म्हाताऱ्या होत्या. त्यांनी माझं नाव विचारलं, मी खाली बघितलं. त्यांनी परत विचारलंच नाही. हात धरून पट्टीवर ठेवला आणि म्हणाल्या, "दाब." मी दाबली. एवढा मोठा आवाज आला की मी घाबरून बोट उचललं. बाई म्हणाल्या, "उचललंस की गप्प. दाबलंस की बोलतो. अडखळत नाही तो." तू मागे उभी राहून हसत होतीस. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं होतं की मी पण मोठ्याने काहीतरी बोलले.

बाईंनी मला जे शिकवलं त्यातलं अर्धं तर थांबायचं कुठे हेच होतं. लोक खाली बसतात, ऑर्गन वर आणि मागे. त्यांचं गाणं वरपर्यंत पोचायला उशीर लागतो. मी सुरुवातीला त्यांचं ऐकून ऐकून वाजवायचे. त्यांचा आवाज उशिरा यायचा म्हणून मी हळू व्हायचे, मी हळू झाले की ते अजून हळू, मग मी अजून हळू. बाई म्हणायच्या, "पोरी, अशाने हे गाणं उद्या सकाळी संपेल. लोकांना जेवायला जायचंय." त्यात ती पहिल्या बाकावरची चष्मेवाली आजी. तू तिला मालगाडीआजी नाव ठेवलं होतंस, सगळे डबे गेले तरी तिचा शेवटचा डबा येतच असायचा. मग बाईंनी सांगितलं, खालच्यांचं ऐकूच नकोस. तुझ्या डाव्या खांद्यामागे तुझी बहीण उभी आहे ना, तिचा श्वास ऐक. तिने घेतला की तू दाब.

मग बाबांनी जुन्या ट्रकचा आरसा आणून ऑर्गनवर स्क्रूने बसवला, म्हणजे मला मागे न वळता तू दिसशील. चर्चचे पाळक म्हणाले होते, "आता फक्त हॉर्न बसवायचा राहिलाय." त्या आरशात मला तुझा चेहरा दिसायचा नाही, फक्त खांदा आणि मानेचा थोडा भाग. तेवढं पुरायचं. खांदा वर जायचा, थोडासा, आणि कानाशी तो आवाज यायचा, उघड्या खिडकीतून पडदा आत ओढला जातो तसा. त्याच क्षणी माझे हात खाली. ते ठरवावं लागायचं नाही. बाई गेल्यानंतर लोकांना वाटायचं की आता गाणं मी चालवते. मी तर नुसती तुझ्या मागून यायचे. फक्त एवढ्या जवळून यायचे की कोणाला कळायचं नाही.

आणि ती तिसरी ओळ. आपल्या शेवटच्या गाण्यातली, उपासना संपताना म्हणतो ते. "दूर डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्यासारखा हळूच तू ये." केवढी लांब ओळ आहे! ज्याने लिहिली त्याला फुफ्फुसं चार असणार. तू आधी ती एका दमात म्हणायचीस, शेवटचा "ये" अजून लांबवून, मुद्दाम, क्वायरमधल्या बाकीच्यांना खिजवायला. मग तू गेलीस त्या वर्षी एकदा आरशात तुझा खांदा मध्येच वर गेला. "हळूच"नंतर. तिथे श्वास नाहीये. मला काही कळलं नाही, पण माझे हात आपोआप उचलले गेले. तू श्वास घेतलास, मी परत दाबलं, आणि "तू ये" झालं. पुढच्या रविवारी परत तसंच. मग दर रविवारी. गाठीने तुझी श्वासाची नळी दबत होती हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पण मला ते आधीच आरशात दिसत होतं. आपण दोघी यावर कधी बोललो नाही. घरी जाताना तू दुसरंच काहीतरी बोलत होतीस, चपलेचा अंगठा तुटलाय वगैरे, आणि मी हो हो करत होते. क्वायर आपल्यामागून थांबायला लागली, मग खालचे लोक. कोणी कोणाला सांगितलं नाही. थोड्या दिवसांनी असं झालं की सगळं चर्च त्या जागी थांबायचं, जसं काही ते गाणं लिहिलंच तसं होतं.

तू गेल्यावर मी ते तसंच ठेवलं. आरशात आता भिंत दिसते आणि छत्र्या अडकवायची खुंटी. तरी "हळूच" झालं की माझे हात वर जातात. तिथे माझं चांगलं चाललंय. सुरुवातीचं मात्र नाही. गाणं सुरू करायचं असतं तेव्हा मी हात पट्टीवर ठेवून बसते आणि कोणी श्वासच घेत नाही. म्हणजे घेतात, क्वायरमध्ये माणसं आहेत की, पण एक इकडून घेतो, एक तिकडून, एक आधीच घेऊन फुगून बसलेला असतो. मग मी कधी लवकर दाबते, कधी एवढा वेळ बसून राहते की खाली लोक मागे वळून बघतात. एकदा तर पाळकांना वाटलं वीज गेली.

क्वायरला आता नवे सर आलेत. तू बघितलं नाहीस त्यांना. उंच, बारीक, मान पुढे काढून चालतात. तू पहिल्याच दिवशी नाव ठेवलं असतंस, म्हणून तुझ्या वतीने मीच ठेवलंय, बगळेसर. माणूस वाईट नाहीये. पहिल्या सरावालाच शेवटचं गाणं घेतलं आणि तिसऱ्या ओळीत सगळे थांबल्यावर त्यांनी हात खाली घेतला. "हा इथे खड्डा कोणी खणला?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पायपट्ट्यांकडे बघितलं. सर म्हणाले, "वारा उतरतोय ना डोंगरावरून? मग तो मध्येच चहा प्यायला थांबतो का?" क्वायर हसली. मलाही हसू आलं, म्हणजे आतल्या आत. ते बोलले ते खरंच होतं. लिहिलंय तसं वाजवायचं म्हटलं तर तिथे थांबायला काही कारण नाही. मला सांगता आलं असतं, पण तुला माहितेय ना मी.

त्यांनी मला सरावानंतर थांबवलं. हळू बोलत होते, रागावून नाही. म्हणाले की ऑर्गनला वारा मोटर देते, त्याला दम लागत नाही, म्हणून तो गाणाऱ्यांचा जीव घेऊ शकतो. "माणसाला श्वास कुठे लागतो ते त्याला कधीच कळणार नाही, ते तुला कळायला हवं. आणि तुला कळतं असं मला वाटतं. पण तू भलत्याच जागी थांबतेस, आणि सुरू करायच्या वेळी भलत्याचीच वाट बघतेस." मग म्हणाले की चर्चच्या कमिटीत माझ्याबद्दल बोलणं झालंय. या दोन गोष्टी महिनाअखेरपर्यंत सुधारल्या नाहीत तर वाजवायला ते स्वतः बसतील, मी पाहिजे तर क्वायरमध्ये गायला उभी राहू शकते. मी गायला! ताई, मी त्या दिवशी घरी लांबच्या रस्त्याने गेले. आईला म्हटलं काकूंकडे उशीर झाला. ऑर्गनचा तो बाक गेला तर माझ्याकडे बोलायला काय राहील, तेवढंच डोक्यात होतं. चादरीच राहतील.

तर मग परवाचा रविवार. मी ठरवलं होतं की या वेळी थांबायचं नाही. घरी टेबलावर बोटं वाजवून सवय केली होती. आई म्हणाली, "टेबलाचे पाय आधीच ढिले आहेत." क्वायरलाही सरांनी बजावलं होतं. खालच्या लोकांना कोणी काही सांगितलं नव्हतं, सर म्हणाले लोक ऑर्गनमागून येतातच. शेवटचं गाणं सुरू झालं, सुरुवात माझी हललीच, पण चाललं. पहिली ओळ, दुसरी ओळ, मग तिसरी, डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्यासारखा हळूच, आणि मी हात उचलले नाहीत. पुढे गेले.

आणि खाली कोणीच नव्हतं, ताई. मी वाजवतेय आणि गाणं नाहीच. सगळं चर्च "हळूच"वर थांबलं होतं आणि मी एकटी पुढे. क्वायरमधलेसुद्धा, बजावलेलं असून, थांबले होते. पाइपातून नुसतेच सूर येत होते, शब्दच नाहीत त्यांच्यावर. मी इतकी वर्षं वाजवतेय, पण ऑर्गन एकटा कसा ऐकू येतो ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. रिकाम्या घरात पंखा चालू राहतो ना, तसा. मग खालून तो आवाज आला, सगळ्यांनी एकदम श्वास घेतल्याचा. मोठ्ठा. एवढ्या सगळ्यांचा मिळून, आणि तरी तुझ्यासारखाच, उघड्या खिडकीतून पडदा आत ओढला जातो तसा. आणि मग त्यांनी म्हटलं, "तू ये." तोपर्यंत मी चौथ्या ओळीत पोचले होते. मालगाडीआजी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर होती आणि मी मात्र स्टेशन सोडून गेलेली.

जो काही गोंधळ झाला तो झाला. दुसऱ्या कडव्यात मी मान वळवून सरांकडे बघितलं. ते कठड्यावरून वाकून खाली लोकांकडे बघत होते, मान पुढे काढून. मला वाटलं संपलं आता माझं. पण तिसरी ओळ आली तेव्हा ते वळले आणि त्यांनी तळहात वर केला, थांब म्हणून. मी हात उचलले. सगळ्यांनी श्वास घेतला. मीही घेतला, मला कशाला लागतो, पण घेतला. मग आम्ही सगळे मिळून "तू ये"वर उतरलो.

उपासना झाल्यावर मालगाडीआजी चक्क जिना चढून वर आली, धापा टाकत, काठी आपटत. तिला वाटलं होतं मी चुकले. म्हणाली, "काय गं, झोप लागली होती का तुला? आम्ही श्वास घ्यायचा की नाही?" सर म्हणाले, "आजी, चूक माझी." मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं, "हा श्वास आहे कोणाचा?" या वेळी खड्डा म्हणाले नाहीत. आजीने तोंड उघडलं, ती सांगणारच होती. आणि मला काय झालं माहीत नाही, मला वाटलं हे हिने सांगू नये. मी म्हटलं, माझ्या ता. आणि तिथेच अडकले. ता, ता, ता. माझे कान तापले, जिन्यात क्वायरमधली मुलं होती. पण सर थांबले. लोक कसं करतात माहितेय ना, घाईने माझा शब्द स्वतःच पूर्ण करून टाकतात, आणि वर प्रेमाने हसतात. त्यांनी नाही केला. नुसते उभे राहिले, अगदी ओळीच्या मध्ये थांबावं तसे. मग माझं निघालं तोंडातून. माझ्या ताईचा. आजी म्हणाली, "हो ना! मग ती आहे कुठे? की आम्ही नुसतंच तिच्यासाठी श्वास घेत बसायचं?"

सर म्हणाले, श्वास राहू दे तिथे. तो आता गाण्याचाच झाला. पण सुरुवात अजून हलते, आणि सुरुवात हलली तर पुढचं सगळं हलतं, त्यावर कमिटी ऐकणार नाही, आणि खरं सांगायचं तर ते स्वतःही नाही. म्हणाले, "ज्याची वाट बघतेस त्याला बोलाव, नाहीतर वाट बघणं सोड." मग छत्री घेऊन गेले.

आता फोनचं. त्याच संध्याकाळी मी काकूंकडून किल्ली मागून घेतली आणि लाँड्रीतल्या फोनवरून तुला फोन केला. मी! मला वाटलं, आज एक वाक्य पूर्ण निघालंय तर अजून एक निघेल. काय बोलायचं ते हातावर पेनाने लिहून नेलं होतं. नंबर तुला माहीत नव्हता म्हणून असेल, तू उचललास. कोणीतरी हॅलो म्हटलं. आवाज कागद घासल्यासारखा, अर्धा हवाच. मला वाटलं कोणी आजारी काका असतील, नंबर चुकला. पण मला "सॉरी, राँग नंबर" एवढंही म्हणता येईना, तू ओळखतेस मला. म्हणून मी गप्प राहिले आणि समोरचं माणूसही गप्प राहिलं. मशीन बंद होती, दुकानात काही आवाज नव्हता. आणि मग समोरच्या माणसाने परत हॅलो म्हणायला श्वास घेतला. ताई, आवाज दुसऱ्या कोणाचाही असू दे, तो श्वास मी कुठेही ओळखेन. मी त्यावर हात खाली आणायला शिकलेय. माझे हात तेव्हाही खाली आले, लाँड्रीच्या टेबलावर, फोन सोडून. उचलेपर्यंत तू ठेवला होतास.

म्हणून हे लिहितेय. तू तिकडच्या चर्चमध्ये गात नाहीस. ऑपरेशनमध्ये तुझा आवाज गेलाय आणि तू कोणाला सांगितलं नाहीस, आणि म्हणून तू येत नाहीस. मी कोणाला सांगितलेलं नाही, आईला नाही, बाबांनाही नाही. मावशीला माहीत असणार, पण मावशी पोटात ठेवते. मला राग नाही आलेला. थोडा आला होता, पण तो फक्त कॉटवरच्या कपड्यांचा. ताई, तू ये. गाऊ नकोस. क्वायरमध्ये उभीसुद्धा राहू नकोस. माझ्या बाकावर डाव्या बाजूला बस, बाक रुंद आहे, ऑर्गनबाई आणि मी दोघी मावायचो त्याच्यावर. पानं उलटायला बसलीये असं म्हणू. फक्त सुरुवातीला एकदा श्वास घे, मला ऐकू येईल असा. मग तिसऱ्या ओळीत आम्ही सगळे घेऊ. आणि खाली उतरल्यावर लोक येतील, विचारतील, मालगाडीआजी तर काठीच आडवी घालेल. त्याची काळजी करू नकोस. तू मला बोलता येत नव्हतं तेव्हा हात धरून नेलंस ना, तसंच. बोलायचं ते मी बोलेन. वेळ लागेल, अडकेन, आजीला तिथेच खुर्ची द्यावी लागेल, पण पूर्ण बोलेन. तू नुसती शेजारी उभी राहा आणि माझा शब्द पूर्ण करू नकोस.

आणि हो, बाबांची व्हॅन चोरीला गेली होती! पण चोराने दोन गल्ल्या पुढे नेऊन सोडून दिली, कारण ती परत सुरूच होईना. सीटवर त्याची टोपी राहिलीये. बाबांना व्हॅन नेल्यापेक्षा सोडून दिल्याचा जास्त राग आलाय.

तुझीच,
मुंगी